दारातल्या टाइल्स एकदम निस्तेज झाल्यात, कमी खर्चात काय करता येईल?

मीनल_के
मुख्य दारातून आत आलं की छोटा पॅसेज आहे, तिथे जुन्या फिकट तपकिरी सिरॅमिक टाइल्स आहेत. फुटलेली एकही नाही पण कितीही पुसा, पुसल्यासारखं वाटतच नाही. सगळं उखडून नवीन बसवायचं बजेट नाही आणि तो धुळीचा राडा पण नको. व्हिनाइल स्टिकर, टाइल पेंट, टाइलवर टाइल असं काय काय सांगतात लोक. दारात दिवसभर चपला-बूट, तिथे यातलं काय टिकेल?

सांधेदुखी
स्टिकर मागवायच्या आधी एक करा. दारामागे किंवा शू रॅकखाली जिथे पाय पडत नाही तिथली टाइल बघा. मग मधली एक टाइल गरम पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि ते घाण पाणी फडक्याने टिपून घ्या, तिथेच वाळू देऊ नका. दोन्ही सारख्या दिसल्या तर तुमच्याकडे नुसता थर आहे, फ्लोअर क्लीनर जास्त पडला की तो साचतो आणि धूळ त्यालाच चिकटते. घासूनही खरखरीत आणि फिकी राहिली तर वरचं ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा चकचकीत थर, झिजलंय, ते पॉलिश करून परत येत नाही.

ॲसिड ओतू नका हां, सांध्यातलं सिमेंट खातं. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

अर्धा_मिस्त्री
पेंटच्या मी सरळ विरोधात आहे. जमिनीसाठी दोन भाग मिसळायचा एपॉक्सीच लागतो, आधी पॉलिश पेपरने चकाकी मारावी लागते, आणि पूर्ण कडक व्हायला बऱ्याचदा आठवडा जातो. येण्याजाण्याचा रस्ता तोच, मग आठवडाभर घरात शिरणार कुठून? स्टिकर स्वस्त पडतात पण बुटांची रेती आणि ओल यांनी कडा आधी उचलतात, पातळ असेल तर खालचे सांधे वरून उमटतात, आणि काढले की गोंद मागे राहतो. भाड्याचं घर असेल तर ठीक.

टाइलवर टाइल चांगलं पण आधी दार उघडून बघा. टाइल ८-१० मिमी, त्यात ॲडहेसिव्ह, म्हणजे सेंटीमीटरभर उंची वाढलीच, दार घासलं तर खालून तासावं लागेल. साधं सिमेंट ग्लेझवर धरत नाही, पॉलिमरवालं ॲडहेसिव्ह घ्या. जुन्या टाइल्स नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो त्यावर काही बसवायचं नाही.

मीनल_के
घासलं हो! टाइलचा रंगच वेगळा निघाला, दारामागच्या टाइलसारखाच. पण आता सांधे अजूनच काळे दिसायला लागले 😅 आणि दाराजवळच्या एका ओळीत दोन टाइल्स पोकळ वाजतात. जोडीच्या जुन्या टाइल्स कुठून आणू?

सांधेदुखी
मग निम्मं काम झालंच की. सांधे दोन-तीन मिमी खरवडून नवीन ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) भरा. दारात पांढरं भरू नका, मधला राखाडी किंवा टाइलच्या जवळचा रंग घ्या. एपॉक्सी ग्राउट डाग शोषत नाही पण महाग, आणि लगेच पुसलं नाही तर टाइलवर धुरकट थर राहून जातो, म्हणून थोडं थोडंच कालवा. सिमेंटवालं भरलं तर नीट वाळल्यावर वरून सीलर मारा, म्हणजे डाग आत मुरत नाहीत.

अर्धा_मिस्त्री
जोडीच्या शोधूच नका, नाही मिळायच्या. दाराजवळची ती अख्खी ओळच काढा आणि तिथे नक्षीवाल्या, मुद्दाम वेगळ्या रंगाच्या टाइल्स लावा, ठिगळ न वाटता पट्टा केलाय असं वाटेल. पॅसेज छोटा आहे म्हणजे टाइल्स मोजक्याच लागणार, उरलेल्या लॉटमधल्या स्वस्तात मिळतात. फक्त गुळगुळीत नको, ओले पाय पडतात तिथे, मॅट बघा. काढताना आधी चारी बाजूंचं ग्राउट मोकळं करा, मग मधोमध फोडून बाहेरच्या दिशेने सोलत या, नाहीतर शेजारच्या टाइलची कड उडते. डोळ्यावर गॉगल हवाच. फुटलेला एक तुकडा दुकानात घेऊन जा, जाडी जुळली नाही तर रोज तिथेच ठेच लागेल.