घटस्फोटातली पत्रं आणि पुलित्झर

ओसरी:
रॉबर्ट लोवेलचं 'द डॉल्फिन' हे कवितांचं पुस्तक परत वाचलं आणि परत चिडचिड झाली. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: बॉस्टनच्या खानदानी घरातला हा कवी १९७० मध्ये इंग्लंडला गेला, तिथे कॅरोलाइन ब्लॅकवुडच्या प्रेमात पडला. न्यूयॉर्कला वीस वर्षांचा संसार, तेरा वर्षांची मुलगी आणि बायको एलिझाबेथ हार्डविक, जी स्वतः नावाजलेली लेखिका. तिने त्या काळात लिहिलेल्या पत्रांतले तुकडे उचलून ह्याने चौदा-चौदा ओळींच्या कवितांत बसवले. हस्तलिखित तिला दाखवलं नाही. १९७३ ला पुस्तक, १९७४ ला पुलित्झर. हे बक्षीस द्यायलाच नको होतं.

अर्धवटराव:
बक्षीस कवितेला देतात, चालचलणुकीच्या दाखल्याला नाही. आणि त्याने स्वतःला कुठे सोडलंय? शेवटच्या कवितेत दुसऱ्यांना आणि स्वतःला इजा करणं टाळलं नाही, असं सरळ कबूल करतो. १९५९ च्या 'लाइफ स्टडीज' ह्या त्याच्याच पुस्तकामध्ये आईबाप, तुरुंग, मनोरुग्णालय सगळं आलं, तेव्हा त्याला डोक्यावर घेतलं. आईबापांची परवानगी कोणी मागितली होती?

ओसरी:
आईबाप तोवर वारले होते हो. तुरुंग त्याचा स्वतःचा, १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला पत्र लिहून सैन्यात जायला नकार दिला म्हणून. आजारही त्याचाच. स्वतःचं सामान त्याने खुशाल चव्हाट्यावर मांडावं. हार्डविक जिवंत होती आणि समीक्षक तिच्या स्वभावाची चिरफाड करत होते.

मुक्ता_क:
माझी अडचण वेगळी आहे. खाजगी गोष्ट छापली ह्यापेक्षा ती *बदलून* छापली हे मला खुपतं. कवयित्री एलिझाबेथ बिशप त्याची जिवलग मैत्रीण. १९७२ मध्ये हस्तलिखित वाचून तिने हेच सुनावलं होतं: पत्रं वापरलीस, वर बदललीस, कलेची एवढी किंमत नसते. त्याने क्रम बदलला, काही जागा मवाळ केल्या, पण पुस्तक काढलंच.
आमच्याकडे एकदा आत्याचं पत्र घरच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं, मधली दोन वाक्यं गाळून. तीस वर्षं झाली. पत्र वाचलं ह्याचा राग केव्हाच गेला, आत्या अजून त्या दोन वाक्यांबद्दलच बोलते.

अर्धवटराव:
आत्याचा मुद्दा मान्य. पण मग हार्डविकने १९७७ मध्ये त्याला परत घरात का घेतलं? तो उन्हाळा दोघांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात एकत्र काढला. सप्टेंबरात आयर्लंडला ब्लॅकवुडला भेटून आला, विमानतळावरून टॅक्सीने हार्डविकच्याच घराकडे निघाला आणि टॅक्सीतच वारला. साठ वर्षांचा होता. हातात कागदात गुंडाळलेलं चित्र, चित्रकार ल्यूशियन फ्रॉइडने काढलेलं ब्लॅकवुडचं. (कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.)

ओसरी:
घरात घेतलं हा तिचा मोठेपणा. त्याला चार वर्षांपूर्वीच्या छपाईची परवानगी कसं म्हणता? तिची पत्रं २०१९ मध्ये, ती गेल्यावर बारा वर्षांनी छापून आली. कविता आणि पत्रं शेजारी ठेवून वाचली मी. पत्रं जास्त चांगली आहेत.

अर्धवटराव:
काही पत्रं. सगळी नाही.