मदत हवी आहे: स्टिअरिंग पंपाचं काम आटतंय, पुढे कुठला जॉब धरावा?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंग युनिट आहे. मुख्य काम हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग पंपाचे शाफ्ट आणि हाउसिंग. हा पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. ईव्हीत इंजिनच नाही, त्यामुळे तो पंपही नाही. खरं तर कारमधून तो आधीच जात होता, कारण इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग (ईपीएस) पेट्रोल गाड्यांतही आलं. आता ऑर्डरचं शेड्यूल महिन्यागणिक कमी येतंय. कामगार जुने आणि हातात कसब असलेले आहेत, त्यांना घरी बसवायचं नाही.

स्टिअरिंग चाकांना जोडणारे टाय रॉड आणि बॉल जॉइंट ईव्हीतही लागतात. बॅटरीच्या वजनाने रॅकवर (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर) जोर जास्त येतो, म्हणजे भाग मजबूत हवेत. पण त्यात स्पर्धा फार. दुसरा पर्याय ईपीएसचा वर्म शाफ्ट, म्हणजे मोटरचा जोर वर्म व्हील या दातेरी चाकाला देणारा स्क्रूसारखा दांडा. इंजिनाचा आवाज नसल्याने वर्म आणि वर्म व्हीलमधली बारीक खडखडसुद्धा ड्रायव्हरला ऐकू येते, म्हणून फिनिश आणि रनआउट (फिरताना येणारा डगमगाट) फार काटेकोर लागतो. आमच्याकडे सीएनसी टर्निंग आणि सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे, थ्रेड ग्राइंडर नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं: थ्रेड ग्राइंडर सेकंडहँड घ्यावा का, की व्हर्लिंगवर (फिरत्या कटर रिंगने आटे कापणं) भागतं? इलेक्ट्रिक बसमध्ये मोटरवर चालणारा हायड्रॉलिक पंप असतो. त्याचे भाग छोट्या युनिटला मिळतात का? आणि स्टिअर-बाय-वायर (स्टिअरिंग आणि चाकांत यांत्रिक जोड नसलेली पद्धत) आलं तर स्टिअरिंग कॉलमच्या भागांत पैसे घालणं कितपत शहाणपणाचं?