शिडाची होडी: ओढायची कशी, हे आधी पाहावे

दोन मोठी माणसे आणि दोन मुले मावतील, शिवाय पुण्याहून पानशेत किंवा पवनेला लहान मोटारीमागे ओढून नेता येईल, अशी शिडाची होडी आपण विचारली आहे आणि त्यावर केबिन असलेली २२ फुटी होडी सुचवली गेली आहे. मला ही सूचना पटत नाही. एवढे वजन घाटरस्त्यावर ओढणे धोक्याचे आहेच, पण उन्हाळ्यात धरण खाली गेल्यावर काठाच्या चिखलातून ती पाण्यात उतरवणार कोण?

त्यापेक्षा ब्रिटिश होडी-आराखडाकार इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ‘वेफेअरर’ ही बिनकेबिनची शिडाची होडी पाहावी. तिची लांबी ४.८२ मीटर असून शीड-डोलकाठी सोडून नुसत्या होडीचे वजन १७० किलोच्या आसपास आहे, आणि सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात सोडायची फळी) वर घेतला की ती गुडघाभर पाण्यातही तरंगते. ‘एंटरप्राइज’ ही दुसरी शिडाची होडी हलकी खरी, पण ती मुळात दोघांची.

जुनी होडी घेताना शिडापेक्षा ट्रेलर (मोटारीमागे होडी ओढायचा चाकांचा गाडा) अधिक बारकाईने तपासावा. प्रवासात तापलेले चाकांचे बेअरिंग होडी उतरवताना एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, पाणी आत ओढले जाते आणि ग्रीस खराब होते. म्हणून काठावर पोहोचल्यावर आधी डोलकाठी उभारावी, तोवर चाके निवतात. मात्र ती उभारण्यापूर्वी वर विजेची तार नाही ना, हे जरूर पाहावे, कारण डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. परवानगीचे धरणाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.