नेलपॉलिशचा ठिपका: गाडी सर्व्हिसिंगला टाकून घरी यावं, की पिटाशी उभं राहावं?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. २०२२ची डिझेल, ४० हजार किलोमीटरची सर्व्हिस, कंपनीचंच अधिकृत वर्कशॉप, साताऱ्यातलंच. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एकाशी नाही.

आदल्या रात्री बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन पार्किंगमध्ये गेलो. तिने गॅलरीतून विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?" एअर फिल्टरच्या कडेला एक ठिपका, एसीच्या फिल्टरला एक, आणि मागच्या डाव्या चाकाच्या नटावरून रिमवर उतरणारी एक रेघ. एवढंच.

संध्याकाळी बिल आलं १३,४६० रुपये. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ, व्हील बॅलन्सिंग आणि टायर रोटेशन, म्हणजे चाकांची अदलाबदल. गाडी धुऊन चकाचक, स्टिअरिंगला प्लास्टिक, पायाखाली कागद.

घरी येऊन बघितलं. एअर फिल्टर नवा, मान्य. एसीचा फिल्टर माझाच, ठिपक्यासकट, फुंकर मारून परत सरकवलेला. बिलात मात्र ५२० रुपये. मागच्या चाकावरची रेघ जशीच्या तशी. म्हणजे ते चाक उतरलंच नाही. मग ब्रेक साफ केले कुठून, खिडकीतून? आणि रोटेशन कसलं केलं? रविवारी पुण्याला जाऊन आलो, दोनेकशे किलोमीटर झाले, ऑइलची दांडी काढली तर ऑइल काळंकुट्ट. तेही बदललं नसणार.

सोमवारी गेलो. अ‍ॅडव्हायझर गोड बोलला. "हेल्परकडून राहून गेलं सर." फिल्टर तिथल्या तिथे बसवला, चाकं उतरवली, वर एक फुकट वॉशिंगचं कूपन दिलं. माझा प्रश्न एवढाच आहे की काम राहून जातं, पण बिलातली ओळ कधीच कशी राहून जात नाही?

माझं मत: डोळ्यासमोर झालेल्या कामाचेच पैसे द्यायचे आणि जुना पार्ट डिकीत पाहिजे म्हणजे पाहिजेच. विश्वास वगैरे देवळात.

पाना_नंबर_१४

दादा, माझं वाढे फाट्याच्या अलीकडं छोटं गॅरेज आहे, १९ वर्षं झाली. फिल्टर आणि चाकाबद्दल तुमचं बरोबर आहे, ती चोरीच. पण ऑइलचा आरोप मागं घ्या. डिझेल इंजिनात नवं ऑइल पन्नास किलोमीटरात काळं पडतं, कधी कधी गाडी बाहेर काढून चौकात जाईस्तोवर. जुनं ऑइल कितीही निथळू दिलं तरी थोडं आत राहतंच, आणि काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हेच नव्या ऑइलचं काम आहे. रंगावरनं काही कळत नाही. पेट्रोल गाडीत चार-दोन दिवस मधासारखं दिसतं, त्यावरनं लोक डिझेलचा हिशोब लावतात आणि मेस्त्रीला शिव्या घालतात. आठवड्यात एक तरी गिऱ्हाईक दांडी हातात धरून माझ्याकडं येतंच.

ऑइल बदललं का हे बघायचं असेल तर ऑइल फिल्टरवर ठिपका द्यायचा होता. ती जागा तुम्ही सोडली.

आणि पिटाशी उभं राहण्याबद्दल. राहा की. पण गप राहा. दर दोन मिनिटाला "हे काय काढलं, ते का सैल केलं" असं चाललं की बोल्ट पिळायचा राहतो, आणि तो राहून गेलेला बोल्ट यवतेश्वरच्या उतारावर कळतो.

गुरुजी_कोरेगाव

धागाकर्त्यांची क्षमा मागून लिहितो. घरी कामाला येणाऱ्या बाईची परीक्षा घ्यायला गादीखाली मुद्दाम नोट ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ही नेलपॉलिश मला त्याच जातीची वाटली. माणसाला चोर ठरवायचं आधी ठरवलं की पुरावा मिळेपर्यंत आपण थांबत नाही. तुमच्या ऑइलचंच बघा ना.

माझी गाडी सोळा वर्षं एकाच मेस्त्रीकडे जाते. मी एकदाही बिलाचा कागद मागितला नाही. तो वहीत लिहितो, मी देतो. एकदा क्लच गेला असं मला वाटलं होतं, मी आठ-दहा हजारांच्या तयारीने गेलो. त्याने केबल ताणून दिली, चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. असा माणूस ठिपके देऊन मिळत नाही.

माजी_अ‍ॅडव्हायझर

चार वर्षं एका वर्कशॉपच्या काउंटरवर काढली, आता दुसऱ्या धंद्यात आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. गुरुजी, तुमचा मेस्त्री चांगला असेल, पण आमच्याकडचे टेक्निशियनही वाईट नव्हते. गणित वाईट होतं.

शनिवारचं बघा. सगळ्यांना शनिवारीच गाडी द्यायची असते आणि सहाला परत पाहिजे असते. एका टेक्निशियनच्या नावावर सहा-सात गाड्या. चार चाकं उतरवा, मागच्या ब्रेकचे ड्रम उघडा, लायनर घासा, धूळ काढा, परत बसवा, हे नीट केलं तर तासभर जातो. सात गाड्यांचे सात तास फक्त ब्रेकला गेले, तर ऑइल कधी बदलायचं? मग तो काय करतो, पुढची दोन चाकं उघडतो, कारण ब्रेकचे पॅड तिथे दिसतात आणि गिऱ्हाईकाला त्याबद्दल सांगावं लागतं. मागची तशीच. जॉबकार्डावर टिक मात्र सगळ्या चौकटींना, कारण रिकाम्या चौकटीचं कार्ड पुढे सरकत नाही. बिल त्या टिकांवरून निघतं. बिल करणारा वेगळा, त्याने गाडी पाहिलेलीही नसते. धागाकर्त्याचं "ओळ राहून जात नाही" इथून येतं.

खरी मलई वेगळीकडेच असते. आम्हाला दर महिन्याला टार्गेट असायचं ते जादा कामांचं: इंजिन डीकार्बनायझेशन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अँटीरस्ट, इंजेक्टर क्लीनरची बाटली. सकाळच्या मीटिंगमध्ये फळ्यावर नावं आणि आकडे. ज्याचा आकडा खाली त्याला सगळ्यांदेखत बोलणी. मग समोर कुणी काका आले, गाडी जेमतेम २० हजार चाललेली, तरी तोंडातून आपोआप निघायचं, "काका, पिकअप कमी वाटत नाही का?" पिकअप कमी वाटतो का असं विचारलं की शंभरातल्या नव्वदांना वाटतोच. मी स्वतः विकलंय हे. झोप लागायची नाही असं काही नाही, लागायची. म्हणूनच सोडलं म्हणा.

एकच गोष्ट शिकलो ती सांगतो. ओनर्स मॅन्युअलच्या मागे मेंटेनन्सचा तक्ता असतो, किती किलोमीटरला काय बदलायचं याचा. गाडी टाकताना ते पान उघडून काउंटरवर ठेवा. बोलू नका, नुसतं ठेवा. निम्मी यादी आपोआप गळते.

कृष्णाकाठ_सांगली

आमच्याकडे २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा माझी गाडी तीन दिवस बॉनेटपर्यंत बुडून होती. पाणी उतरल्यावर मी पहिलं काम काय करणार होतो, तर सेल मारून बघणार होतो. त्याआधी आमच्या मेस्त्रीचा फोन. म्हणाला, "चावीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा आन् मी येईपर्यंत गाडीत बसूसुद्धा नका." सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकून इंजिनच गेलं असतं. त्याचं स्वतःचं गॅरेज तेव्हा चिखलात होतं, कॉम्प्रेसर, पाने, सगळं. तरी ओळीने आपल्या गिऱ्हाइकांना फोन लावत होता. नंतर गिअरबॉक्सचं ऑइल काढलं ते दुधाच्या चहासारखं. तीनदा बदललं. पैसे दोन वेळचेच लावले.

त्या आठवड्यात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्यांना सरसकट एकच उत्तर: इंजिन उघडावं लागेल. त्यांचं चूक होतं असं म्हणत नाही, काहींची उघडावी लागलीच. पण मला तेव्हा माणूस लागत होता, काउंटर नाही.

माजी_अ‍ॅडव्हायझर

@कृष्णाकाठ, तुमची गाडी जुनी असेल. धागाकर्त्याची २०२२ची डिझेल आहे, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांतली. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर, डीपीएफ, असतो आणि त्याला जळल्यावर कमी राख सोडणारं ऑइल लागतं. भल्या मनाच्या मेस्त्रीने बॅरलमधलं ट्रकचं ऑइल ओतलं तर हळूहळू तो फिल्टर तुंबतो, आणि त्याचा खर्च धागाकर्त्याच्या पाच सर्व्हिसिंगएवढा. प्रामाणिक असणं आणि माहीत असणं ह्या दोन गोष्टी आहेत.

विट्याची_बाई_ड्रायव्हर

पुरुषमंडळी विश्वासावर छान बोलताय. मी रोज विटा-सांगली करते, गाडी माझी, हप्ते माझे. गॅरेजमध्ये गेले की पहिलं वाक्य, "ताई, भाऊजींना फोन लावता का, सांगायचं होतं जरा." भाऊजींना टायर बदलता येत नाही.

१८ हजार किलोमीटरवर एकाने सांगितलं, पुढचे ब्रेकपॅड संपले, आजच टाकावे लागतील, घाटात धोका आहे. घाट म्हणे! माझ्या रोजच्या रस्त्यात घाट नाही, उसाच्या ट्रॉल्या आहेत. मी म्हटलं, पॅड काढून हातात द्या. देईना. मिरजेत दुसऱ्याला दाखवले, त्याने चाक उतरवून मोबाइलच्या उजेडात दाखवलं, निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक. त्यावर पुढे १६ हजार किलोमीटर चालवली.

तेव्हा गुरुजी, परीक्षा आम्ही घेत नाही, आमच्याकडून घेतली जाते. नेलपॉलिश माझ्या पर्समध्ये असतेच. आता उपयोग कळला.

कलम_किशोर

अधिकृत वर्कशॉपशिवाय वॉरंटी जाते या भीतीने लोक तिथे अडकतात, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा.

न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करा, तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

कृष्णाकाठ_सांगली

५२० रुपयांच्या फिल्टरसाठी आयोग? तारखांना जायचं डिझेल त्याच्यापेक्षा जास्त होईल वकीलसाहेब.

कलम_किशोर

फोनला डिझेल लागत नाही.

शाहूपुरीकर

ऑइलचा आरोप मागे घेतो. पाना१४, तुमचं पटलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली, कारण सोमवारी काउंटरवर मी ऑइलवरूनच सगळ्यात मोठ्याने ओरडलो होतो. फिल्टरचं हळू बोललो असतो तरी चाललं असतं.

गुरुजी, नोटेची उपमा लागली. पण फरक आहे. कामाच्या बाईला मी जे देतो ते तिचं काम बघून देतो, फरशी माझ्या डोळ्यासमोर असते. गाडीचं पोट मला दिसत नाही. तुमच्या मेस्त्रीने केबल ताणून फुकट दिली हे तुम्हाला कळलं, कारण त्याने सांगितलं. जे त्याने सांगितलं नाही ते तुम्हाला कळायचा मार्ग कोणता?

पाना_नंबर_१४

शाहूपुरीकर, एक आमच्या बाजूचंही ऐका. जुने पार्ट मी खोक्यात भरून डिकीत ठेवतो, पहिल्यापासून. दहातली आठ गिऱ्हाइकं म्हणतात, "ही घाण कशाला, टाका तिकडंच." मागणारी दोन. त्या दोघांतला एक तर ऑनलाइन मागवलेला फिल्टर स्वतः घेऊन येतो, डब्यावर नाव ओरिजिनल, आतला कागद वर्तमानपत्रासारखा. तो मी बसवायचा, मजुरी दीडशे द्यायची, आणि उद्या काही झालं तर नाव माझं. तोच माणूस कंपनीत जाऊन अठराशे मजुरी एका शब्दाशिवाय भरतो, कारण तिथं एसी आहे आणि कॉफीचं मशीन आहे.

तुम्ही खूण केली त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्याकडं आणाल तेव्हाही करा. फक्त रेघ नटावर बारीक ओढा, सॉकेट बसायला अडचण होते.

विट्याची_बाई_ड्रायव्हर

पाना१४, पत्ता पाठवा. विटा ते वाढे फाटा लांब आहे, पण "भाऊजींना फोन लावा" म्हणणार नसाल तर येते.

गुरुजी_कोरेगाव

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते शोधतो आहे. दरम्यान एक विचारतो, हसू नका. हा एसीचा फिल्टर गाडीत नेमका असतो कुठे? सोळा वर्षांत माझ्या वहीत तो एकदाही लागलेला नाही.

शाहूपुरीकर

बहुतेक गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे. कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली ओढा, मागे एक पट्टीसारखं झाकण दिसेल.

गुरुजी_कोरेगाव

उघडलं. झाकण आहे, आत खाच आहे, फिल्टर नाही. मेस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं मॉडेल सगळ्यात खालचं. कंपनीनंच दिला नव्हता, नुसती जागा ठेवलीय. तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी बोललो नाही." खाचेत पिंपळाची तीन वाळलेली पानं मिळाली. आमच्या हिला गाडीत फुलापाकळ्यांमुळे शिंका येतात असं मी इतकी वर्षं समजत होतो.

पाना_नंबर_१४

तीन-साडेतीनशेचा येतो गुरुजी. तुमच्याच मेस्त्रीला सांगा. पानं जपून ठेवा, जुना पार्ट म्हणून.