मेल्डाऊचा डावा हात

अमेरिकन जॅझ पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊला कुणी कुणी नुसता 'रॉकची गाणी पियानोवर वाजवणारा' म्हणतात. रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडची गाणी तो वाजवतो हे खरं, पण तेवढ्यावर निकाल लावू नका राव! त्याचा डावा हात ऐका. एरवी जॅझमध्ये तो हात बहुतेक वेळ कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) देत साथीला असतो. इथे तो स्वतःची चाल धरून उजव्याशी वाद घालतो, मध्येच मुख्य सुरावटही उचलतो. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधल्या १९९९च्या लाइव्ह अल्बमवर 'ऑल द थिंग्ज यू आर' हे मूळ चार मात्रांचं जुनं गाणं चक्क सात मात्रांत आहे, तरी कुठेही मोजून वाजवल्यासारखं वाटत नाही. साथीदार लॅरी ग्रेनेडिअरच्या डबल बासचाही (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) त्यात वाटा आहेच म्हणा. मग २०१८चा 'आफ्टर बाख' हा जर्मन संगीतकार बाखच्या रचनांवरचा अल्बम लावा, दोन हातांचं हे भांडण कुठून आलं ते कळेल. सोलो मात्र कधीकधी उगाच लांबवतो, हे मान्य.