पायाला पडदा असून बदकं शेततळ्यातून वर का येत नाहीत?

डाळिंबवाला, सांगोला
राम राम मंडळी. आमच्या शेततळ्याला 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आहे. मागच्या आठवड्यात बाजारातून सहा बदकं आणून सोडली. पाण्यात एकदम झकास फिरतात, पण काठाला लागली की दोन पावलं चढतात आणि घसरून परत पाण्यात. काल तिन्हीसांजेला कमरेला ट्यूब बांधून मीच उतरलो. घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. एवढा रुंद पडदा पायाला, मग तो कागद धरत कसा नाही?

बदकवाली, कुडाळ
दादा, पडदा धरायला नसतोच, तो पाणी रेटायला असतो. आमच्याकडे माशांची जुनी काचेची पेटी होती. तिच्यात पिल्लू सोडून मी बाजूने बघत बसायचे. पाय मागे जाताना पुढची तिन्ही बोटं फाकतात, पडदा ताणला जातो. तोच पाय पुढे आणताना बोटं मिटून घेतात, पडद्याची घडी पडते, मिटलेली छत्रीच जणू. त्यामुळे पुढे येताना पाणी आडवं येत नाही. मागचं चौथं बोट बारकं, ते पडद्यात नाहीच.

पावसात आमच्या मळ्यात मी गुडघाभर रुतते आणि बदकं वरच्यावर डुलत जातात. रुंद पायावर वजन पसरतं ना! तुमच्या कागदावर मात्र शेवाळ, त्यात उतार. नखं रुतवायला जागाच नाही. शिवाय त्यांचे पाय अंगाच्या मागच्या बाजूला. पोहायला बरे, चढायला नाहीत.

गोणपाटाची जुनी पोती एकाला एक शिवा, काठावरच्या खुंटाला बांधा आणि खालचं टोक हातभर पाण्यात राहील असं सोडा. कागदाला खिळा मारू नका. मासे धरायचं जाळं तर मुळीच नको, बोटं अडकतात आणि पडदा फाटतो. आणि रस्ता नीट होईपर्यंत पिल्लं सोडू नका, दमून बुडतात.

दुर्बीणवाला, भिगवण
थोडं अवांतर. उजनीच्या पाण्यावर काळा वारकरी पक्षी दिसतो, पांढऱ्या कपाळाचा. लोक त्याला बदकच समजतात, पण त्याच्या बोटांमध्ये पडदा नाही. प्रत्येक बोटाला कातडीच्या स्वतंत्र पाळ्या असतात. पोहणंही होतं, काठावर चालणंही. पाणकावळ्याचं उलट, त्याची चारही बोटं पडद्याने जोडलेली. तरी पठ्ठ्या वाळक्या फांदीवर पंख पसरून खुशाल बसतो.

ठिबकवाला
पायाचं राहू द्या, विष्ठेचं बघा. तिने शेवाळ वाढलं की ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागेल. सहाच्या वर बदकं नेऊ नका.

डाळिंबवाला, सांगोला
ताई, खताची रिकामी पोती होती ती टाकली, तीपण प्लास्टिकचीच, बदकं परत घसरली. मग चुलत्यांकडून गोणपाट आणलं. आज सकाळी चार वर आली. दोघी पोत्याला घाबरून अजून मध्येच फिरतायत. फिल्टर कालच धुतला, भाऊ.