फेब्रुवारीत, शाळेच्या हॉलमध्ये, महापुराचं प्रशिक्षण

करवीर_काठ

काल इथं एका गृहस्थांनी लिहिलं की गावोगावी 'आपदा मित्र', म्हणजे पुरात मदतीला शिकवून तयार केलेली गावचीच माणसं, घडवणं म्हणजे किटचं वाटप आणि फोटो. पूर आला की एनडीआरएफच येणार. आणि पूर मुळात कर्नाटकामुळं येतो, तेव्हा आधी त्यांना जाब विचारा. हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१९ ला आमच्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. हायवे शिरोलीजवळ बुडाला, म्हणजे पुण्याकडून येणारी मदत तिथंच अडली. आमच्या गल्लीत बोट आली तिसऱ्या दिवशी. तोवर म्हातारी माणसं कशातून काढली? गुऱ्हाळाच्या काहिलीतून, गूळ करायच्या त्या मोठ्या कढईतून. दोन पोरं दोन्ही बाजूंनी पोहत काहील ढकलत होती, मधे माझी चुलती उकिडवी बसलेली, छातीशी रेशनकार्ड आणि औषधांची पिशवी. जरा वजन एका बाजूला गेलं की काहील कलायची आणि चुलती डोळे मिटून घ्यायची.

बोट घेऊन आलेल्या जवानांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. पण ते बाहेरगावचे. पाण्याखाली ऊस कुठं संपतो, विहीर कुठं, तारेचं कुंपण कुठं, डीपी कुठं, हे त्यांना कसं कळणार? उसाचा पाला पंख्यात गुंतून बोट दोनदा बंद पडली. शेवटी आमच्यातला एकजण बोटीच्या तोंडाशी बसून हातानं वाट दाखवू लागला, तेव्हा काम सुरळीत चाललं. त्या माणसाला आधीच शिकवलेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे.

पुढं आमच्या पोरांना 'आपदा मित्र'चं बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. फेब्रुवारीत, शाळेच्या हॉलमध्ये, पडद्यावर. बोट दाखवली ती मैदानात. नदीत एकदाही उतरवली नाही. म्हणजे प्रशिक्षण खोटं का? नाही. ते नदीत द्या, जूनमध्ये द्या.

दुसरं. माझी बहीण येडूरजवळ दिलीय, कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पहिला फोन तिचा येतो, "दादा, किती उघडले?" कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली गेला की मला ती सांगते. दोन राज्यांचा समन्वय आमच्यापुरता हा असा, बहीण-भावाच्या फोनवर चाललाय. करवीर, शिरोळ, चिकोडी, निपाणीच्या पोरांचा दरवर्षी एकत्र सराव का होऊ नये?

सांगलीकर_आयर्विन

सराव करा, नाही कोण म्हणतंय. पण मूळ दुखण्याला हात घाला. आमच्या आयर्विन पुलाला २०१९ मध्ये ५७ फूट पाणी होतं. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवायचं, वर ती उंची ५२४ मीटरच्या पुढं न्यायची तयारी, आणि आम्ही काय, लाइफ जॅकेट घालून बसायचं? आणि गावच्या बोटीचं कौतुक सांगताय तर ब्रह्मनाळ आठवा. ८ ऑगस्ट २०१९. बोट गावचीच होती, माणसंही गावचीच होती. ती उलटली. सतरा जीव गेले.

पाटबंधारे_निवृत्त

अलमट्टीवर सगळं ढकलणं बंद करा. पुराची कारणं तपासणाऱ्या राज्याच्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नव्हती. पाणलोटात थोड्या दिवसांत अफाट पाऊस झाला, आणि नदीच्या पात्रात आपण घरं, भराव, पूल बांधून ठेवले. पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले? कर्नाटकानं?

सांगलीकर_आयर्विन

समितीचा अहवाल तुम्हाला लखलाभ. आमच्या दुकानात सात दिवस पाणी होतं, एक दिवस पाऊस उघडला तरी पाणी हलत नव्हतं. खालच्या धरणानं अडून पाणी मागं तुंबतं, त्या फुगवट्याला काय म्हणतात ते आम्हाला कागदावर शिकवू नका.

पाटबंधारे_निवृत्त

वरच्या कोयना आणि वारणा धरणांतून विसर्ग चालू असताना पाणी हलणार कसं? मी त्या खात्यात आयुष्य घालवलंय. धरण ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरून ठेवायचं आणि मग एकदम सोडायचं, ही चूक आपलीही आहे.

सांगलीकर_आयर्विन

मग तेव्हा का नाही बोललात? निवृत्त झाल्यावर सगळ्यांना कंठ फुटतो.

करवीर_काठ

दोघांनाही हात जोडतो. अलमट्टीचा निकाल आपण इथं लावणार नाही. २०२१ च्या जूनमध्ये आपले जलसंपदा मंत्री बेंगळुरूला जाऊन तिथल्या मुख्यमंत्र्यांना भेटले, विसर्गाचे आकडे वेळेवर एकमेकांना द्यायचं ठरलं, ते चांगलंच झालं. तरी पुढच्याच महिन्यात राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर पाणी गेलं. आकडा आला आणि गल्लीत तो समजणारा माणूसच नसला, तर उपयोग काय?

ब्रह्मनाळचं काढलंत म्हणून सांगतो, मला तर प्रशिक्षण त्यासाठीच हवंय. त्या दिवशी बोटीत जास्त माणसं चढली, कारण ही खेप चुकली तर पुढची येईल का याची कुणालाच खात्री नव्हती. काठावर उभं राहून "बास, आता एकही नाही" असं सख्ख्या भावकीला सांगायला लागतं. हे धाडस आयत्या वेळी येत नाही, आधी सवय करावी लागते.

सांगलीकर_आयर्विन

ब्रह्मनाळबद्दल म्हणताय ते पटतंय, मला ते लिहिताना त्रास होतोय तरी पटतंय. अलमट्टीचं मात्र मी सोडणार नाही.

महाडकर

तुमच्याकडं निदान पाणी चढताना दिसतं. आमच्याकडं डोंगर येतो. महाडजवळचं तळिये गाव, २२ जुलै २०२१, दरड कोसळली. ऐंशीच्या वर माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, दरडी आडव्या, बाहेरची पथकं पोचली दुसऱ्या दिवशी. तोवर आसपासच्या वाड्यांतली माणसं फावडी, पहारी घेऊन उकरत होती. राज्याचं स्वतःचं पथक, एसडीआरएफ, कुठं बसवलं? धुळ्यात आणि नागपुरात. कोकणात यायला त्यांना किती तास लागतात ते नकाशा काढून बघा. मला प्रशिक्षणाचा राग नाही, राग या वाटपाचा आहे.

ताई_प्रशिक्षक

मी हे शिबिर घेते, म्हणून थोडं माझंही ऐका. हॉलमध्ये घेतो कारण जूनमध्ये पोरं पेरणीत असतात आणि नदीत उतरवायची जबाबदारी कुणी अंगावर घेत नाही. करवीरचे भाऊ चिडले ते बरोबर आहे, मला ते लागलंही. पण एक सांगते. शिबिरात बाया किती असतात? चाळीसात चार. आणि पुरात घर कोण सोडत नाही? बाया, कारण गोठ्यात म्हशी असतात. २०१९ ला एका घरात मी तासभर विनवण्या केल्या. ती माउली म्हणाली, "दावं सोडून द्या म्हणता, पण ती पोहून जाईल कुठं, मला सोडून?" जनावरं आधी कुठं न्यायची, चारा कुठं, हे ठरलेलं नसेल तर बोट दारात आली तरी माणूस चढत नाही. तुमच्या सगळ्या आकड्यांत म्हैस कुठंच नाही.

करवीर_काठ

ताई, हे माझ्याही लिहिण्यात राहून गेलं. आमची चुलती काहिलीत बसली ती दोन म्हशी शेजारच्या माळावर पोचवल्यावरच. शिबिर जूनमध्ये जमत नसेल तर मे महिन्याच्या शेवटी घ्या, पण नदीत घ्या. नावाडी आम्ही देतो, त्याची मजुरी गाव देईल.

निपाणीवाला

एवढा वेळ वाचतोय. कर्नाटक, कर्नाटक चाललंय, पण इकडं आम्हीही बुडतो. वेदगंगा, दूधगंगा वरून तुमच्याकडूनच येतात, आणि काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढवला की आमच्या शिवारात पाणी. आमच्यासाठी तुम्हीच अलमट्टी. सरावाला मात्र येतो. अट एकच, धरणाचा आकडा आम्हाला थेट आणि मराठीतही मिळावा. आमच्या गावच्या ग्रुपवर अर्धी माणसं मराठीच वाचतात.

सांगलीकर_आयर्विन

"आमच्यासाठी तुम्हीच अलमट्टी", हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पाटबंधारे_निवृत्त

विसर्गाचे आकडे साध्या मराठीत कसे लिहायचे, ते मी लिहून देतो. क्युसेक म्हणून चालत नाही. "पुलाला पाणी लागायला इतके तास" असं लिहावं लागतं. सांगलीकरांशी वाद आहे तो आहेच.

करवीर_काठ

ताई, तारीख सांगा. येडूरच्या पोरांना बहिणीकडून निरोप देतो. आणि काहील घेऊन येतो, त्यात बसून तोल कसा राखायचा हेही शिकवा, कारण पहिले दोन दिवस तीच मिळणार आहे.